फाटलेल्या तक्त्याचा हिशेब

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझा मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. मुलाचं सकाळी शाळेसाठी आवरताना रोज रडगाणं असतं. संध्याकाळी टॅब बंद कर म्हटलं की आदळआपट सुरू, आणि राग धाकटीवर निघतो, तिला ढकलतो. कुठेतरी वाचून आम्ही भिंतीवर तक्ता लावला. दिवसभर चांगला वागला तर रात्री एक चांदणी, वीस चांदण्या झाल्या की रिमोटवर चालणारी गाडी. पहिल्या आठ दिवसांत सहा चांदण्या मिळाल्या. मग त्याने धाकटीला ढकललं म्हणून एक काढली, आणि असं करत पुढच्या आठवड्यात चार काढल्या. एका रात्री त्याने तक्ताच ओढून फाडला. आता काहीही सांगितलं की विचारतो, 'मग मला काय देणार?' नवऱ्याचं म्हणणं, ही लाच आहे, बंद कर. सासूबाई म्हणतात, आमची मुलं चांदण्या-बिंदण्यांशिवायच मोठी झाली. आमचं नेमकं काय चुकलं?"

उत्तर:

आधी तुमच्याच पत्रातला हिशेब मांडू. सहा मिळाल्या, चार गेल्या, उरल्या दोन. पंधरा दिवसांनी पोराच्या पदरात दोन चांदण्या, आणि गाडीला अजून अठरा हव्यात. याच चालीने गेला तर साडेचार महिने लागतील. साडेपाच वर्षांच्या मुलाला 'परवा' म्हणजे कधी हेही नीट कळत नाही. त्याच्या लेखी ती गाडी नाहीच. उरला काय, तर रोज येता-जाता दिसणारा, आपण किती वेळा चुकलो हे सांगणारा कागद. तो त्याने फाडला. त्याच्या जागी बसून बघा, त्या रागाला कारण आहे.

बक्षिसाची कल्पना चुकीची नव्हती. तक्त्याची मांडणी चुकली, आणि ती दुरुस्त करता येते. बक्षिसाला बळ त्याच्या आकाराने येत नाही. ते किती लवकर मिळालं, नेमकं कशासाठी मिळालं आणि ठरल्याप्रमाणे दर वेळी मिळालं का, या तीन गोष्टींनी येतं. तुमच्या तक्त्यात गाडी मोठी होती, पण या तिन्ही गोष्टी निसटल्या होत्या.

तुमच्या नवऱ्याच्या शंकेला आधी उत्तर देते, कारण घरात ती शंका तशीच राहिली तर पुढचं काहीच टिकणार नाही. लाच आणि बक्षीस यांत वस्तूचा फरक नसतो, क्रमाचा असतो. मूल जमिनीवर लोळण घेतंय आणि आपण म्हणतो, "गप्प बस, मग तुला टॅब देते," ही लाच. रडणं सुरू झाल्यावर देऊ केलेली. यातून मूल शिकतं की रडलं की भाव वाढतो. बक्षीस आधी, सगळे शांत असताना ठरतं, आणि काम झाल्यावरच हातात पडतं. मधल्या घासाघिशीला जागा नसते.

जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ओरेगॉनमध्ये अनेक वर्षं घराघरांत आई-वडील आणि मुलांचं वागणं बारकाईने नोंदवून घेतलं. त्यातून त्यांनी जे दाखवलं ते फार उपयोगाचं आहे: रडारडीच्या या चक्रात बक्षीस दोघांनाही मिळत असतं. मूल ओरडतं, आपण नमतं घेतो, मुलाला टॅब मिळतो. आणि आपल्याला? घरात एकदम शांतता मिळते. ती शांतता हे आपलं बक्षीस. म्हणून पुढच्या वेळी मूल लवकर ओरडतं आणि आपण लवकर नमतं घेतो. यात कुणी दुष्ट नाही, कुणी दुबळंही नाही. दोघंही नकळत एकमेकांना शिकवत असतात. तुम्हाला दिवसअखेर स्वतःचा राग येत असेल, तर हे आवर्जून लक्षात ठेवा.

आता तक्त्यातली पहिली गफलत: 'दिवसभर चांगलं वागणं'. हे काम मुलाला करताच येत नाही, कारण ते काम नाहीच, ते तुमचं मत आहे. सकाळी सहज आवरलं, दुपारी धाकटीला खेळणं दिलं, संध्याकाळी सहा वाजता एकदा ढकललं, की रात्री चांदणी गेली. दिवसभरातल्या दोन चांगल्या गोष्टींचा मागमूस उरला नाही. ऑग्डेन लिंडस्ली नावाच्या वर्तनशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक कसोटी सांगितली होती. ऐकायला विचित्र वाटते, पण कामाला अचूक आहे. जे मेलेला माणूसही करू शकतो, ते वर्तन नव्हे. 'रडू नको', 'ढकलू नको', 'त्रास देऊ नको' हे सगळं मेलेला माणूस उत्तम करतो. म्हणून बक्षीस 'न करण्या'साठी ठेवू नका. त्या जागी मुलाने काय करायचं, ते डोळ्यांना दिसेल आणि हो किंवा नाही असं उत्तर देता येईल, अशा शब्दांत लिहा.

तुमच्या घरासाठी ते असं होईल. 'टॅबवरून दंगा करायचा नाही' याऐवजी 'वेळ संपली की बटण स्वतः दाबायचं आणि टॅब आईच्या किंवा बाबांच्या हातात द्यायचा'. 'बहिणीला ढकलायचं नाही' याऐवजी 'तिने वस्तू ओढली की "आई, ये" अशी मोठ्याने हाक मारायची'. 'सकाळी वेळेत आवरायचं' याचे चार तुकडे: उठून दात घासणं, कपडे घालणं, दप्तर दाराशी आणून ठेवणं, बूट घालणं. एका वेळी यातल्या दोनच गोष्टी घ्या, तिसरी नको. तुमच्या जागी सकाळ आणि टॅब आधी घ्यावं. धाकटीचं प्रकरण बऱ्याचदा टॅबच्या रागातून येतंय असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा टॅबचं सुटलं की तेही थोडं सैल होईल.

लगेच सुरुवात करू नका. आधी पाच दिवस नुसतं मोजा, मुलाला न सांगता. सकाळच्या चार कामांपैकी एकदा सांगितल्यावर त्याने किती केली? टॅब किती वेळा आरडाओरडा न करता दिला? फ्रिजच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर चार आकडे रोज लिहिले तरी पुरे. हे कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक घरांत हीच पायरी गाळली जाते. पण त्याशिवाय पहिली पायरी किती उंच ठेवायची ते कळत नाही. समजा मोजल्यावर निघालं की तो सरासरी एक-दोन कामं करतो. मग पहिल्या आठवड्याचं उद्दिष्ट चार नाही, दोन. नियम एवढाच की पहिल्याच दिवशी त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. पहिले दोन दिवस कोरडे गेले तर मुलाच्या दृष्टीने हा खेळ त्याच्यासाठी नाहीच.

नवा तक्ता मात्र करू नका. कागद फाटल्याची आठवण ताजी आहे. एक पारदर्शक बरणी घ्या आणि त्यात टाकायला ठोकळे घ्या. बरणी भरताना दिसते, ठोकळा पडल्याचा आवाज येतो, आणि तो मुलाने स्वतःच्या हाताने टाकायचा असतो. या वयाला चांदणीपेक्षा हे जास्त पटतं. मणी, बटणं, गोट्या अजिबात नकोत, घरात अडीच वर्षांची आहे, तोंडात घालेल. तिच्या मुठीपेक्षा मोठा ठोकळा असू द्या.

काम झालं की ठोकळा तिथल्या तिथे. दात घासून बाहेर आला, पाच सेकंदांत ठोकळा त्याच्या हातात. रात्री एकदम हिशेब करून देऊ नका. तुमच्या तक्त्यात सकाळच्या वागण्याचा निकाल रात्री लागायचा, आणि तेवढ्या वेळात मधे दहा गोष्टी घडून गेलेल्या असायच्या. कशाबद्दल मिळालं याचा धागाच उरत नव्हता.

ठोकळ्यांच्या बदल्यात काय, याची यादी मुलाला जवळ बसवून करा. गाडी नको, निदान आत्ता नको. त्याच संध्याकाळी खर्च होतील अशा छोट्या गोष्टी हव्यात. दोन ठोकळे म्हणजे झोपताना कुठली गोष्ट वाचायची हे तो ठरवणार, किंवा बाबांच्या पाठीवर बसून घरभर एक फेरी. चार ठोकळे म्हणजे दिवे घालवून टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं लपाछपी, किंवा रात्रीसाठी बैठकीत उशांचं घर. एखादी दहा ठोकळ्यांची मोठी गोष्टही ठेवा, म्हणजे साठवायचं की खर्चायचं हे तो हळूहळू शिकेल. सहा-सात पर्याय पुरेत आणि दर आठवड्याला त्यातले दोन बदला. तीच तीच बक्षिसं आठ-दहा दिवसांत शिळी होतात. तुमचे पहिले आठ दिवस छान गेले याचं एक कारण नवलाई हेही होतं, आणि ती कुठल्याही पद्धतीत ओसरतेच.

काही गोष्टी मात्र या यादीत कधीच येऊ देऊ नका. जवळ घेणं, जेवण, झोप, बाहेर खेळायला जाणं, आजीशी गप्पा. हे मुलाला कमवावं लागता कामा नये. रोज दहा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी, तो म्हणेल तो खेळ, कुठल्याही अटीशिवाय. ज्या दिवशी तो सगळ्यात वाईट वागला त्या दिवशीसुद्धा. बरणी या दहा मिनिटांवर उभी आहे, त्यांच्याशिवाय ती नुसता व्यवहार होते. गोड खाऊही बक्षीस म्हणून ठेवू नका. जे बक्षीस होतं त्याचा मान वाढतो, आणि मग गोड ही ताटातली सगळ्यात मोलाची वस्तू ठरते. टॅबची जादा मिनिटंही तुमच्या घरात नकोत, कारण भांडण त्याच्यावरूनच आहे.

टॅबचा उपयोग वेगळा करता येतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: माणूस आपणहून जे जास्त करतो, ते तो आपणहून कमी करतो त्या कामाचं बक्षीस होऊ शकतं, फक्त क्रम पाळला पाहिजे. आधी हे, मग ते. सगळ्या आज्यांना हे माहीत असतं. संध्याकाळी टॅबची नेहमीचीच वेळ, पण दप्तर जागेवर ठेवल्यावर. यात काही जादा मिळत नाही, काही कापलं जात नाही, नुसता क्रम पक्का होतो. बोलताना 'दप्तर ठेवलं नाहीस तर टॅब नाही' असं म्हणू नका, 'दप्तर ठेवलंस की टॅब' म्हणा. अर्थ एकच, पण एक धमकी आहे आणि एक वेळापत्रक.

आता कौतुक. ठोकळ्याबरोबर कौतुक आलं नाही तर ठोकळा नुसता लाकडाचा तुकडा आहे. आणि कौतुकातच आपण सगळे सर्वाधिक चुकतो. "शहाणा माझा बाळ" यातून मुलाला काहीच कळत नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगा: "एकदाच सांगितलं आणि तू लगेच बूट घेऊन बसलास." जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, आवाजात आनंद दिसू द्या, एक वाक्य बोला आणि थांबा. थांबणं अवघड असतं, कारण पुढचा शब्द जिभेवर तयार असतो: 'पण'. "छान, वेळेत आवरलंस, पण रोज असं का नाही करत?" या वाक्यातलं पहिलं अर्धं मुलाच्या कानात शिरतच नाही. कौतुकाला जोडून आलेली तक्रार म्हणजे तक्रारच. ती करायचीच असेल तर तासाभराने करा, वेगळी करा.

हुशारीचं कौतुकही जरा बेतानेच. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात ज्या मुलांना 'तू हुशार आहेस' असं सांगितलं गेलं, ती पुढे अवघड प्रश्न चुकल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं, ती टिकून राहिली. मुलगा काय आहे यापेक्षा त्याने काय केलं ते बोला.

टॅबची संध्याकाळ जरा सविस्तर बघू, कारण तिथेच सगळं मोडतं. पहिली तयारी टॅबच्या वेळी करायचीच नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी, तो खुशीत असताना म्हणा, "आपण खोटं-खोटं टॅब बंद करायचा खेळ खेळू." टॅब हातात द्या, अर्ध्या मिनिटाने म्हणा, "वेळ संपली." तो बटण दाबेल, तुमच्या हातात देईल. लगेच शाबासकी आणि ठोकळा. मग एकदा तुम्ही मूल व्हा आणि तो आई. पुन्हा एकदा उलट. पाच मिनिटांचा खेळ, दोन-तीन दिवस. हा पोरखेळ वाटेल, पण रागाने डोकं फिरलेलं असताना नवीन कृती शिकता येत नाही. ती आधी शांतपणे हाता-अंगात बसवावी लागते, मग अडचणीच्या वेळी थोडी तरी आठवते.

खऱ्या वेळी पाच मिनिटं आधी त्याच्याशेजारी जाऊन बसा. दुसऱ्या खोलीतून हाक नको. पडद्यावर काय चाललंय ते बघा, एखादा प्रश्न विचारा, मग सांगा, "हा भाग संपला की बंद." डाव किंवा भाग अर्धवट असताना बंद करायला लावणं हे निम्म्या भांडणांचं मूळ असतं, म्हणून घड्याळाला चिकटण्यापेक्षा दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालतील. संपल्यावर एकदाच सांगा आणि हात पुढे करा. मनात दहा मोजा. दिला, तर ठोकळा, शाबासकी, आणि लगेच दुसरं काहीतरी हाताशी, नाहीतर ती रिकामी मिनिटं पुन्हा रडण्याने भरतात.

नाही दिला, तर तुम्ही शांतपणे घ्या आणि बंद करा. ठोकळा मिळत नाही, बस. भाषण नाही, "बघ, घालवलास ना ठोकळा" असंही नाही. तो रडेल. त्याला रडू द्या, जवळपास राहा, स्वतःला किंवा कुणाला लागणार नाही एवढं बघा. आणि इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही: पहिले काही दिवस रडणं वाढेल. इतके दिवस जे रडून मिळायचं ते मिळेनासं झालं, की मूल आधी जास्त जोरात प्रयत्न करतं. लिफ्ट आली नाही की आपण बटण आणखी जोरात, पुन्हा पुन्हा दाबतो ना, तसंच. या वाढीचा अर्थ पद्धत चुकली असा नाही.

पण याच टप्प्यावर चौथ्या दिवशी वैतागून टॅब परत दिला, तर पहिल्याच दिवशी दिला असता त्यापेक्षा नुकसान जास्त. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ज्या कबुतराला चकतीवर चोचीने टोचलं की दर वेळी दाणा मिळायचा, त्याने दाणे बंद झाल्यावर टोचणं लवकर सोडलं. ज्याला अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसताना मिळायचं, ते फार काळ टोचत राहिलं. रडण्याचंही तसंच होतं. 'कधीतरी मिळतं' हे सगळ्यात चिवट शिक्षण. म्हणून ज्या दिवशी अंगात त्राण नाही, घरात पाहुणे आहेत, कुणी आजारी आहे, त्या दिवशी टॅब सुरूच करू नका किंवा आधीच जास्त वेळ द्या. रडल्यावर मात्र देऊ नका.

चांदण्या काढून घेण्याबद्दल स्पष्टच सांगते: हे पूर्णपणे थांबवा. एकदा कमावलेला ठोकळा मुलाचा. संध्याकाळी काहीही झालं तरी सकाळचे दात घासले गेलेच होते. काढून घेतल्याने मुलाला कळतं ते एवढंच की कमावलेलं टिकत नाही, आणि जे टिकत नाही त्यासाठी कोण खपणार? शिवाय एकदा बरणी रिकामी झाली की काढायला काही उरत नाही, आणि मोठ्यांच्या हातातलं शेवटचं साधनही जातं.

मग ढकललं तर काय? त्याचं वेगळं, छोटं आणि ठरलेलं असावं. आधी धाकटीजवळ जा, तिला उचला, तिला लागलं का बघा. ढकललं की आई आपल्याकडे धावते, हे पहिल्यांदा मोडू दे. मग त्याला एक वाक्य: "ढकललंस, आता तीन मिनिटं इथे बसायचं." तीन-चार मिनिटं पुरतात, अर्धा तास बसवल्याने दहापट शहाणपण येत नाही. वेळ संपली की विषय संपला. त्यानंतर तोच प्रसंग पुन्हा करून बघा: धाकटी वस्तू ओढते, तो "आई, ये" म्हणतो, तुम्ही लगेच येता. तुम्ही लगेच येणं यात फार महत्त्वाचं आहे. हाक मारून कुणी येत नसेल तर ढकलणं हाच त्याच्याकडे उरलेला खात्रीचा उपाय.

'मग मला काय देणार?' या प्रश्नाने तुम्ही हादरला आहात, ते पत्रातून जाणवतं. हादरू नका. इतके दिवस कशाला मिळतं आणि कशाला नाही याची रेघच नव्हती, म्हणून तो प्रत्येक गोष्टीला विचारून बघतोय. रेघ आखा. बरणीवर दोन कामांची चित्रं चिकटवा आणि बाकी सगळ्यासाठी एकच, न चिडता दिलेलं उत्तर: "ठोकळे या दोन कामांचे. हे आपण सगळे मिळून करतो ते काम." बरणीत नसलेलं काम विचारल्यावर देऊन मोकळं होऊ नका, एकदाही नाही. पंधरवड्यात विचारणं बरंच कमी होतं.

बक्षिसाचा खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या अशा मुलांवर प्रयोग केला ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे कुणीही सांगत नसताना कोण किती वेळ चित्रं काढतं ते बघितलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढली. अचानक मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नाही. यातून घ्यायचं ते हे: जे तो आपणहून, आवडीने करतो त्याला बरणीत आणू नका. चित्रं, पुस्तकं, धाकटीला हसवणं, ठोकळ्यांची घरं. तिथे नुसतं शेजारी बसून बघा, दोन शब्द बोला. बरणी फक्त त्या कामांसाठी जी होतच नाहीत.

आणि ती कायमची नाही. दहातल्या आठ वेळा जमायला लागलं आणि असे दोन आठवडे गेले की पायरी वाढवा. सकाळी दोन कामांऐवजी तीन, मग चारही मिळून एक ठोकळा. मग रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा बदली, म्हणजे ठोकळे देऊन बक्षीस घेणं. कौतुक मात्र तसंच ठेवा, ते सगळ्यात शेवटी आणि अगदी सावकाश कमी होतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांत सकाळ बरणीतून बाहेर पडायला हवी. मधे घसरण झाली, म्हणजे आजारपण, सुट्ट्या, पाहुणे, तर एक पायरी खाली या आणि पुन्हा चढा. सलग तीन दिवस एकही ठोकळा नाही मिळाला तर मुलाला बोलू नका, पायरी लहान करा. आणि बदली 'उद्या देते' असं दोनदा झालं तर बरणीवरचा विश्वास गेला म्हणून समजा, मग नव्याने सुरू करणं फार जड जातं.

घरातल्या मोठ्यांनी पंधरा मिनिटं, मुलं झोपल्यावर, एकत्र बसावं. फक्त तीन गोष्टी ठरवायच्या: दोन कामं कोणती, ठोकळा कोण देणार, आणि टॅबच्या रडण्याला कुणीच काही देणार नाही. कागदावर लिहा. पद्धत सगळ्यांना मनापासून पटली पाहिजे असं नाही, पण या तिसऱ्या गोष्टीवर एकमत लागतंच, कारण एकाने दिलं तरी मुलाच्या दृष्टीने रडून मिळालंच. सासूबाईंना बरणीचं व्याकरण समजवत बसू नका. त्यांना एक खास जागा द्या: संध्याकाळी मुलाने आजीला सांगायचं, आज काय जमलं. आजीने ऐकून घ्यायचं आणि पाठीवरून हात फिरवायचा. माझ्या मते घरातलं सगळ्यात मोठं बक्षीस हेच ठरेल. त्याने काय केलं नाही, ते मात्र त्याच्यासमोर कुणीच कुणाला सांगायचं नाही.

धाकटीला बरणी नको. अडीच वर्षांच्या मुलीला ठोकळा साठवून नंतर काही मिळतं हा हिशेब कळत नाही. तिने खेळणं परत दिलं की तिथल्या तिथे टाळ्या, एवढंच. मोठ्यासमोर "बघ, ती कशी ऐकते" असं चुकूनही नको.

हे सगळं नेमाने आठ आठवडे करूनही काडीचा फरक पडला नाही, किंवा शाळेतूनही मारामारीच्या तक्रारी येत असतील, तो रात्री घोरत असेल आणि दिवसभर चिडचिडा राहत असेल, हाक मारल्यावर ऐकू येत नसल्यासारखं वाटत असेल, आधी येत असलेल्या गोष्टी विसरत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर बरणी बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अपुरी झोप आणि कमी ऐकू येणं या दोन्ही गोष्टी बाहेरून हट्टीपणासारख्याच दिसतात. गरज असेल तर तेच बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतील.

बरणी टेबलावर आणण्याआधी एक जुनी बाकी चुकती करायची आहे. त्याने कमावलेल्या चांदण्या सहा होत्या. काढलेल्या चार धरून सहाच. त्याला जवळ बसवा आणि सांगा, "तो तक्ता आम्ही चुकीचा केला होता. तुझ्या सहा चांदण्या होत्या, त्या आम्ही काढायला नको होत्या." मग सहा ठोकळे त्याच्या हातात द्या आणि त्याच संध्याकाळी त्याला हवं त्यावर खर्च करू द्या.